‘स्कूप’ बघून चिडलो, पण कुणावर?

२ जून २०२३ला नेटफ्लिक्सवर ‘स्कूप’ आली. सहाच भाग. दोन रात्रींत संपवली आणि नाशिकला कॉलेज रोडवर चहा घेताना आमच्यात एकच वाद: “पण ती खरंच सामील होती का रे?”

थांबा, आधी तारखा बघू. ११ जून २०११, पवई. क्राइम रिपोर्टर ज्योतिर्मय डे यांचा भरदिवसा गोळ्या घालून खून झाला. नोव्हेंबरमध्ये पत्रकार जिग्ना व्होरा यांना मोक्काखाली अटक. आरोप असा, की डे यांची माहिती त्यांनी छोटा राजनला पुरवली. २०१२ला जामीन मिळाला. २ मे २०१८ला विशेष कोर्टानं राजनला जन्मठेप दिली, व्होरांना निर्दोष सोडलं. २०१९ला हायकोर्टानंही तेच कायम ठेवलं. त्यांच्या तुरुंगातल्या आठवणींवर हन्सल मेहता आणि मृण्मयी लागू वायकूळ यांनी ही मालिका केली.

म्हणजे आम्ही चहावर वाद घालत होतो, तेव्हा निकालाला पाच वर्षं झाली होती! अटकेची हेडलाइन आमच्या डोक्यात पक्की होती, सुटकेची बातमी कुणालाच आठवेना.

मालिका बघून आम्ही पत्रकारांवर चिडलो. आपल्याच सहकाऱ्याबद्दल असं छापतात? पण ते चवीनं वाचणारे कोण होते? आमच्याच घरातले. आज तेच आपण फॉरवर्ड करतो.

पुढच्या वेळी बोट दाबण्याआधी एवढंच बघा: बातमी अटकेची आहे की निकालाची?