झाडाची साल, नंदुरबारचे वाणी आणि पायाच्या मुंग्या

केमोची सायकल घेऊन गावी परतलेल्या रुग्णांची एक तक्रार ठरलेली असते. केस गेल्याचं दुःख ते पचवतात, पण "डॉक्टरसाहेब, पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही" हे सांगताना घाबरलेले असतात. आमच्या देवगाव फाट्याच्या परिसरात याला सरसकट 'अशक्तपणा' म्हणतात आणि एक सलाईन लावून विषय संपवतात. हा अशक्तपणा नव्हे. बऱ्याचदा हा पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा नसांवर झालेला परिणाम असतो. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात हे औषध खूप वापरतात. त्याच्या शोधाचा एक धागा आपल्या नंदुरबारपर्यंत येतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. रसायनशास्त्राचं शिक्षण त्यांनी मुंबई विद्यापीठात घेतलं आणि पीएच.डी. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात केली. १९६२ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून 'पॅसिफिक यू' या झाडाची साल गोळा केली होती. कर्करोगावर उपयोगी पडतील अशा वनस्पती शोधण्याची तिथे सरकारी मोहीमच चालू होती. या सालीचा अर्क प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारतो, असं दिसलं. मग त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं करायचं काम वॉल आणि वाणी यांच्याकडे आलं.

काम किती चिकाटीचं असेल पाहा: १२ किलो सालीतून हाती आलं अर्धा ग्रॅम! या द्रव्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. नाव ठेवलं टॅक्सॉल. त्याआधी १९६६ मध्ये याच जोडीने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधलं होतं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही असतं, आणि त्यापायीच त्याची चोरटी तोड होत आली आहे. असो.

टॅक्सॉल बराच काळ मागे पडून राहिलं. साल कमी आणि औषध पाण्यात विरघळत नाही. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी ते काम कसं करतं हे दाखवलं, तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. पेशी दुभंगताना आत अतिसूक्ष्म नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो. गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे तोच दोन बाजूंना ओढतो. काम झालं की नळ्या सुटतात. सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन या नळ्या उभ्याच राहू देत नाही. टॅक्सॉलचं उलटं: उभ्या राहिलेल्या नळ्या ते सुटू देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. पुढे रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि डिसेंबर १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आता ते मिळवण्यासाठी झाडं सोलावी लागत नाहीत.

पण नसेची पेशी तर दुभंगतच नाही, मग तिला त्रास का? कारण याच नळ्या नसेच्या आत रुळांचं काम करतात. पायाच्या बोटाला जाणीव देणाऱ्या नसेची पेशी कमरेपाशी असते आणि तिथून बोटापर्यंतचं अंतर जवळपास मीटरभर. लागणारा सगळा माल या रुळांवरून जातो. जायकवाडीच्या कालव्यात कुठे अडथळा आला की पहिली ओरड टेलच्या शेतकऱ्याची असते. इथेही तसंच. आधी पायाची बोटं, मग तळवे, नंतर हाताची बोटं. गुंडी लागत नाही, कापूस वेचताना बोंडाचा काटा लागला तरी समजत नाही.

हे सांगितलं तर डोस कमी करतील आणि आजार उलटेल, या भीतीने अनेकजण केमो देणाऱ्या डॉक्टरांपासून लपवतात. कृपया लपवू नका. पुढच्या सायकलच्या आधी सांगितलं तर डोस किंवा अंतर बदलता येतं, कधी औषधच बदलता येतं. तो हिशेब त्यांना करू द्या. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी तर आधीपासून असलेल्या मुंग्याही सांगाव्यात, कारण त्यांच्या नसा अगोदरच दुखावलेल्या असू शकतात. औषध थांबल्यावर बऱ्याच जणांचा त्रास काही महिन्यांत उतरतो, काहींचा थोडाफार राहतो. तोवर अनवाणी शेतात जाऊ नये, आंघोळीचं पाणी कोपराने तपासावं, रोज रात्री तळवे पाहावेत.

आणि 'नसांच्या ताकदीच्या गोळ्या' मेडिकलवरून स्वतःहून घेऊ नका. हा त्रास आधीच टाळेल असं खात्रीचं औषध आज नाही. वेदना फार असतील तर ड्युलॉक्सेटिनचा थोडाफार उपयोग होतो, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. अशा गोळ्यांत अनेकदा असणारं ॲसिटिल-एल-कार्निटिन तर टॅक्सॉलच्या गटातली औषधं घेणाऱ्या स्त्रियांना देऊन पाहिलं गेलं होतं. २०१३ मध्ये त्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. २४ आठवड्यांनंतर या गोळ्या घेणाऱ्यांच्या मुंग्या, न घेणाऱ्यांपेक्षा जास्त होत्या.