अंतिम न्यायासमोर

रोममधील सिस्टाईन चॅपेलच्या वेदीमागील भिंतीवर मायकेलअँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात ‘अंतिम न्याय’ रंगविला. मध्यभागी न्यायाधीश ख्रिस्त. एकीकडे वर उचलले जाणारे, दुसरीकडे खाली कोसळणारे आत्मे. संत बार्थोलोम्यूच्या हातातील सोललेल्या कातडीवर चित्रकाराचा स्वतःचाच चेहरा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. इतरांचा न्याय रंगविताना त्याने स्वतःला वगळले नाही.

पोपपदाच्या निवडणुकीत कार्डिनल याच चित्रासमोर, आपला न्याय करणाऱ्या ख्रिस्ताला साक्षी ठेवून मत देतात. २०२५ साली पोप लिओ चौदावे यांची निवडही अशीच झाली.

न्यायाची तयारी म्हणजे मृत्युशय्येवरील धावपळ नव्हे; आजचा निर्णय त्या न्यायाधीशाच्या साक्षीने घेणे होय. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत आपण दिवसाचा हिशेब असा देतो का?