रंगांचे परावलंबन

श्रोतेहो, बंगळूरच्या दुकानात आज रंगीत फिल्मचा रोल मिळालाच, तर त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक क्षणभर थबकते. ही टंचाई कालपरवाची वाटते; पण तिचे मूळ बरेच जुने आहे.

1933 साली प्रभात कंपनीने ‘सैरंध्री’ला रंग देण्याचे धाडस केले, तेव्हा रंगीत प्रती काढण्यासाठी व्ही. शांताराम यांना जर्मनीला जावे लागले. एवढे करूनही रंग मनाजोगे उतरले नाहीत. 1937 साली आर्देशीर इराणी यांनी ‘किसान कन्या’ हा रंगीत चित्रपट देशातच तयार केला, पण पद्धत परदेशीच होती. कन्नड भाषेला तर ‘अमरशिल्पी जकणाचारी’ हा पहिला संपूर्ण रंगीत चित्रपट 1964 साली लाभला.

पुढे म्हैसूरपलीकडे, निलगिरीच्या थंड व स्वच्छ हवेत, उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. 1967 पासून तेथे माल निघू लागला आणि ‘इंदू’ हे नाव छायाचित्रकारांच्या तोंडी बसले. परंतु तेथील मुख्य माल कृष्णधवल आणि क्ष-किरण फिल्म हाच होता. रंगासाठी देश मुख्यतः आयातीवरच विसंबून राहिला. तो कारखानाही या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंद झाला.

असे का व्हावे? रंगीत फिल्मवर लाल, हिरवा व निळा प्रकाश टिपणारे अनेक थर, सारे मिळून केसाहूनही पातळ, काळोखात एकसारखे चढवावे लागतात. अशी अवाढव्य यंत्रे थोड्या गिऱ्हाइकांसाठी चालविणे परवडत नाही. म्हणूनच डिजिटल कॅमेऱ्याने गिऱ्हाईक ओढून नेले, तेव्हा मागणी घटूनही भाव उतरले नाहीत. कारखानेच मिटले आणि उरलेला माल महागला. कोनिकाने 2006 साली हा व्यवसाय सोडण्याचे जाहीर केले. 2012 साली कोडाकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

फिल्मइतकीच ती धुण्याची विद्याही नाजूक असते. कोडाक्रोम ही फिल्म 2009 साली बंद झाली आणि ती धुणारी जगातील अखेरची प्रयोगशाळा, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातली, 2010 च्या डिसेंबरअखेरीनंतर तिचे नवे रोल घेईनाशी झाली. तेव्हापासून कोणाच्या खणात राहिलेल्या कोडाक्रोमच्या रोलमधून तिचे ते रंग काढता येत नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या घरी एखादा न धुतलेला रोल पडून असेल, तर तो धुणारे हात आहेत तोवरच त्याला उजेड दाखवा.