आपले नाव, आपले मत

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार शब्द लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले. मी गिरणीतला कामगार. शाळा सातवीपर्यंत झाली. बाकी जे काय शिकलो ते युनियनच्या ऑफिसात, विहाराच्या वाचनालयात आणि मोर्च्यांत. पंडिताची भाषा माझ्याकडे नाही. पण आपल्या आयाबहिणींच्या मताचा इतिहास वस्तीतल्या पोराबाळांना ठाऊक असावा, म्हणून लिहायला बसलो.

आज अठरा वर्षे पुरी झाली की मताचा हक्क मिळतो. त्यामुळे तो आपोआप मिळाला असे वाटते. तसे नाही. इंग्रजांच्या राज्यात ज्याच्याजवळ मालमत्ता, ज्याचा कर भरलेला, त्याला मत. १९१९ च्या कायद्यात बायांना मत द्यायचे की नाही हे प्रांतांच्या कौन्सिलांवर सोडले होते. मुंबई कौन्सिलाने १९२१ साली ते दिले, पण मालमत्तेची अट तशीच ठेवली. म्हणजे बंगल्यातल्या बाईला मत आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात राबणाऱ्या बाईला नाही! १९३५ च्या कायद्यात काही प्रांतांत नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत मिळू लागले. मत तिचे, पण आले नवऱ्याच्या नावावरून. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली, तेव्हापासून आपल्या मताचा प्रश्न लावून धरला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत द्या अशी मागणी केली. अडाण्याला मत कशाला, असे विचारणारे तेव्हा पुष्कळ होते. अक्षर येत नाही म्हणजे अक्कल नाही असे नव्हे, हे बाबासाहेबांचे उत्तर होते. त्याच वर्षी मुंबई कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले, त्याच्या बाजूने ते बोलले. १९२९ साली तो कायदा झाला.

आणि बाया नुसत्या ऐकत बसल्या नव्हत्या. २० जुलै १९४२ ला नागपूरला अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. त्यांनी काय ठराव केले पाहा. बाईला घटस्फोटाचा हक्क हवा, एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी, गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच असावी, कायदेमंडळात बायांना जागा राखाव्यात. १९४२ साली! आज वाचताना अंगावर काटा येतो.

पुढे राज्यघटना आली आणि कलम ३२६ ने सर्व प्रौढांना मत दिले. तेव्हा वयाची अट एकवीस होती, १९८९ पासून ती अठरा झाली. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि हा विरोध लवकर मिटवला नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. झालेही तसेच. बाईला वारसा, घटस्फोट असे हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर महिन्याच्या आत, २५ ऑक्टोबरला, देशाची पहिली निवडणूक सुरू झाली.

त्या निवडणुकीतली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. मतदारयादी करणारे दारोदार गेले तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा भागांत लाखो बायांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, असेच लिहिले गेले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की स्वतःच्या नावाशिवाय नोंद चालणार नाही. शेवटी सुमारे २८ लाख बायांची नावे गळाली. घटनेने दिलेले मत रिवाजाने काढून घेतले. आयुक्तांचा नियम खरा, पण भुर्दंड बायांना पडला. आपल्याकडे बाई नवऱ्याचे नाव घेत नव्हती, तिकडे तिचे स्वतःचेच नाव कुणी घेत नव्हते.

हे बिहारचे झाले, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. एका निवडणुकीला मी सकाळपासून बूथच्या बाहेर टेबल टाकून लोकांच्या चिठ्ठ्या काढून देत होतो. दुपारी स्वयंपाक उरकून आमची मंडळी आली. कार्ड हातात, पण यादीत नाव नाही. आम्ही खोली बदलली तेव्हा मी माझा फॉर्म भरला आणि तिचा राहून गेला. राहून गेला कसला, मी विसरलो. ती एवढेच म्हणाली, “तुमच्या नावावर मला मत देता येतं का हो?” आणि घरी गेली. बायांच्या हक्कावर मी किती भाषणे केली असतील! त्या दिवशी मान वर करवेना.

१९९३ पासून पंचायतीत आणि नगरपालिकेत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ साली निम्म्या केल्या. लोकसभा-विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांसाठी २०२३ साली घटनादुरुस्ती झाली, पण अंमल जनगणनेनंतरच्या मतदारसंघ रचनेवर टाकला. नागपूरच्या ठरावाला तोवर ८१ वर्षे झाली होती! वरच्या हक्कासाठी भांडू, जरूर भांडू. पण खालचे नाव आपल्या हातात आहे.

म्हणून विनंती. नुसते कार्ड असून भागत नाही, यादीत नाव लागते. नवे नाव घालायला नमुना ६, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहते, ते आधी पाहा. आपल्या विहारात दर वर्षी एका पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, वस्तीची यादी मोठ्याने वाचावी. आणि आपले नाव ज्या त्या बाईने स्वतः उठून सांगावे. नवऱ्याने नव्हे, मुलाने नव्हे.

पाचशेची नोट घेऊन मत विकणारे आपल्यातही आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना एवढेच सांगतो, नागपूरला जमलेल्या त्या बायांपैकी बहुतेकींना तेव्हा मतच नव्हते. तरी त्या आल्या होत्या.

जय भीम. नमो बुद्धाय.