चौंडक्याच्या मागे

साल 1975. तुम्ही गडहिंग्लजच्या गल्लीत आहात. वरच्या अंगानं चौंडकं ऐकू येतंय. चला, त्या आवाजामागे जा.

एका तोंडाला कातडं मढवलेलं लाकडी नळकांडं, हेच चौंडकं, देवीला वाहिलेल्या जोगतिणीनं काखेत दाबलंय. कातड्यातून निघालेली तार ती एका मुठीत ताणते आणि दुसऱ्या हातानं छेडते. मूठ आवळली की सूर चढतो, सैल झाली की उतरतो. शेजारी तुणतुणं, झांज. एकीच्या डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती आहे. हात न लावता ती तो तोलते आणि नाचते. पद रेणुकेचं, जमदग्नीचं, परशुरामाचं. बोल मराठी, मधूनच कानडी, कारण कर्नाटकची हद्द जवळ आहे. मार्गशीर्ष पुनवेला ही मंडळी सौंदत्तीच्या डोंगरावर देवीला जातील. तुमच्या कपाळाला भंडारा लागतो. दारातली बाई परडीत जोंधळे घालते.

आता गाणारीच्या गळ्यातली मण्यांची माळ बघा. लहानपणी देवीला वाहताना ती बांधली, तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या माळेनं तिचा संसाराचा हक्क काढून घेतला. शाहू महाराजांनी 1920 सालीच कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा केला होता. तरी माळ गळ्यात आहेच. म्हणूनच याच वर्षी, याच गावात सामाजिक कार्यकर्ते बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठाननं अशा बायकांची, म्हणजे देवदासींची परिषद भरवली. आजवर देवीसाठी उठलेला आवाज तिथे स्वतःसाठी उठतो.

आटत चाललेलं गाणं कसं जपता येतं, हे बघायला त्याच वर्षी हाँगकाँगच्या फू लुंग चहागृहात शिरा. दौ वुन हा अंध गायक एका हातानं तारा छेडतो, दुसऱ्या हातानं लाकडी पट्ट्यांचा ठेका धरतो आणि कँटोनीत ‘नामयाम’ गातो. हे कथा सांगणारं गाणं. त्याला ऐकणारे आटत चाललेत. संगीताचे अभ्यासक बेल युंग यांनी त्याला मुद्दाम तिथे बसवून त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. दौ वुन 1979 साली गेला. गाणी आजही ऐकता येतात.

आता आजच्या गडहिंग्लजला परत या. माळ तुटलीच पाहिजे, यात तडजोड नाही. पण त्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली कला त्यांच्या दुःखाबरोबर पुरायचं कारण नाही. तुमच्या गावात चौंडकं वाजवणारी म्हातारी मावशी असेल तर तिच्याकडे जा. तिची परवानगी घ्या, मानधन द्या, पदं मोबाईलवर टिपून घ्या आणि त्यांवर तिचं नाव लिहा.