दुरून कॉम्प्युटर चालू होत नाही? आधी लॅन पोर्टचा दिवा पाहा

नांदगाव खंडेश्वरच्या दुकानातला कॉम्प्युटर अमरावतीत बसून चालू करायचा असेल, तर 'वेक-ऑन-लॅन' ही सोय वापरता येते. बंद कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला एक 'मॅजिक पॅकेट' पाठवलं जातं. त्यात एफएफ हा बाइट 6 वेळा आणि त्या कार्डाचा मॅक पत्ता 16 वेळा असतो, म्हणजे एकूण 102 बाइट. ते ओळखलं की कार्ड मशीनला उठवतं. पण त्यासाठी कार्ड स्वतः जागं हवं. बंद मशीनमध्येही एसएमपीएस त्याला 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो.

म्हणून दुकानात असलेल्या कुणाला तरी फोन करा आणि मशीन बंद असताना लॅन केबलच्या पोर्टजवळचा दिवा पाहायला सांगा. दिवा विझलेला असेल तर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालू नका. बहुतेक वेळा दुकान बंद करताना कुणीतरी भिंतीवरच्या बोर्डाचं बटनच बंद केलेलं असतं. तसं नसेल तर केबल आणि राउटर तपासा. मग बायोसमधली 'ईआरपी' सेटिंग बंद करा. वीज वाचवण्यासाठी ती हा स्टँडबाय पुरवठा तोडते.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. लाइन जाऊन परत आली की अनेक मशीनची कार्डं पॅकेट ऐकत नाहीत. मशीन एकदा हाताने चालू करून नीट बंद करावं लागतं. अशा ठिकाणी बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हा पर्याय 'पॉवर ऑन'वर ठेवा. लाइन आली की मशीन आपोआप चालू होईल. पावसाळ्यात लाइन सारखी ये-जा करते, तेव्हा यूपीएस हवाच. राउटरही त्यावरच लावा, हे हमखास विसरलं जातं.

दिवा लागलेला आहे, तरी मशीन उठत नाही? विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून पाहा. बायोसमध्ये आणि डिव्हाइस मॅनेजरमध्येही वेक-ऑन-लॅन चालू आहे ना, हे तपासा.

दुकानातल्या दुसऱ्या मशीनवरून उठतं, पण अमरावतीहून नाही, तर दोष कॉम्प्युटरचा नाही. हे पॅकेट सहसा ब्रॉडकास्ट म्हणून जातं आणि राउटर ते बाहेरून आत सोडत नाही. दुकानातलं एखादं छोटं उपकरण कायम चालू ठेवा, व्हीपीएनने त्यात शिरा आणि पॅकेट तिथूनच पाठवा. काही राउटरमध्येच ही सोय असते. एनीडेस्कही मशीन उठवू शकतं, मात्र त्याच नेटवर्कवर एनीडेस्क असलेलं दुसरं मशीन चालू लागतं. राउटरचे पोर्ट इंटरनेटला सरसकट उघडे करून ठेवू नका.