पोलादाच्या गावातले जेट्स

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं जॉन्सटाउन हे पोलादाचं गाव, आणि पुराचंही. 31 मे 1889 रोजी वरच्या अंगाचं साउथ फोर्क धरण फुटलं आणि 2,209 माणसं गेली. 1936 मध्ये पाणी पुन्हा घरांत शिरलं. मग नद्यांचे काठ काँक्रीटने बांधून काढले गेले आणि जॉन्सटाउन स्वतःला अभिमानाने ‘पूरमुक्त शहर’ म्हणवू लागलं.

1950 मध्ये गावात युद्धातल्या शहिदांच्या स्मरणार्थ वॉर मेमोरियल हे बंदिस्त क्रीडागृह उभं राहिलं. जेट्स हा आइस हॉकीचा संघ त्याच वर्षी सुरू झाला. मायनर लीगमधला, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या खालच्या पायरीवरचा. पगार तुटपुंजा, बसचे लांबलचक प्रवास आणि प्रेक्षकांत गिरणीतली पाळी संपवून आलेले कामगार. 1960 ते 1962 अशी सलग तीन वर्षं या संघाने ईस्टर्न लीगचं विजेतेपद घरी आणलं. केवढी मोठी गोष्ट ही, एवढ्याशा गावासाठी!

जगाला मात्र जेट्स आठवतात ते हाणामारीमुळे. 1974-75 च्या हंगामात मिनेसोटाहून जॅक, स्टीव्ह आणि जेफ हे कार्लसन बंधू आले. जाड चष्मे लावून खेळायचे आणि अंगावर कुणी आलं तर ठोसेही द्यायचे. त्या वर्षी संघाने लीगच्या विजेतेपदाचा लॉकहार्ट कप जिंकला. त्याच काळात नेड डाउड हा खेळाडू संघात होता. त्याची बहीण नॅन्सी गावात राहायला आली, खेळाडूंच्या गप्पा तिने ऐकल्या आणि त्यातून ‘स्लॅप शॉट’ या चित्रपटाची पटकथा लिहिली. चित्रीकरणाचा मोठा भाग जॉन्सटाउनमध्येच झाला. अभिनेता पॉल न्यूमन प्रशिक्षकाच्या भूमिकेत होता. स्टीव्ह आणि जेफ पडद्यावरच्या तीन हॅन्सन बंधूंपैकी दोघे झाले. जॅकला वरच्या लीगचं बोलावणं आल्याने त्याच्या जागी डेव्ह हॅन्सन हा आडनावानेही खराखुरा हॅन्सन उभा राहिला.

मारामाऱ्यांवर हसताना प्रेक्षक एक गोष्ट विसरतात: त्या कथेत गावातली गिरणी बंद होणार आहे आणि तिच्यामागून संघही. चित्रपटाचा खरा जीव त्या धास्तीत आहे.

फेब्रुवारी 1977 मध्ये चित्रपट झळकला. त्याच वर्षी 19 जुलैच्या रात्री आभाळ फाटलं. लहान धरणं फुटली, ऐंशीच्या आसपास माणसं दगावली. पाणी वॉर मेमोरियलमध्ये घुसलं आणि बर्फ गोठवणारी यंत्रं निकामी झाली. संघ तेव्हा ज्या लीगमध्ये खेळत होता, तीही त्याच वर्षी मोडली. जेट्स पुन्हा त्या बर्फावर उतरले नाहीत. पुरानंतर गावातली पोलादाची गिरणी चालवणाऱ्या बेथलेहेम स्टीलने हजारोंना कामावरून कमी केलं. 1992 मध्ये कंपनीने तिथला कारभारच आवरला.

1988 मध्ये गावाला नवा संघ मिळाला. त्याला चित्रपटातल्या काल्पनिक संघाचं नाव दिलं गेलं: चीफ्स. तोही 2010 मध्ये दक्षिणेकडे ग्रीनव्हिलला गेला.